मूळ, आगत आणि क्रिओल

ऑस्ट्रेलिया खंडातील भाषांचा अभ्यास करू पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन स्वतंत्र याद्या ठेवल्या जातात. एक मूलनिवासींच्या भाषांची, दुसरी स्थलांतरितांच्या भाषांची. इंग्रजी यांपैकी कोणत्याच यादीत नसते. तीही १७८८ मध्ये जहाजांतूनच किनाऱ्याला लागली, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

या विभागणीला आधार नाही असे नाही. वसाहत स्थापन झाली तेव्हा या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. २०२०च्या राष्ट्रीय अहवालानुसार त्यांपैकी १२३ वापरात वा पुनरुज्जीवनाच्या अवस्थेत होत्या, आणि मुले घरात सहजपणे शिकतात अशा भाषा अवघ्या १२ उरल्या होत्या. दुसरीकडे २०२१च्या जनगणनेत पंचावन्न लाखांहून अधिक लोकांनी घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरत असल्याचे नोंदविले. त्यांत मँडरिन, अरबी व व्हिएतनामी या भाषा अग्रभागी होत्या. मेलबर्नमधील एखाद्या घरातून व्हिएतनामी गेली तरी व्हिएतनाममध्ये ती राहते. मूलनिवासी भाषेला असे माहेर नसते. ती तेथे संपली की सर्वत्र संपली. १९८७च्या राष्ट्रीय भाषाधोरणाने या दोन्ही प्रकारच्या भाषांना इंग्रजीसह एकाच चौकटीत स्थान दिले, हे त्या धोरणाचे औदार्य होते. परंतु दोन्हींच्या गरजा एकच आहेत असा समज त्यातून रूढ झाला असेल, तर तो घातक म्हटला पाहिजे.

तथापि ही विभागणी जेथे कोलमडते ते स्थळ अभ्यासकांकडून उपेक्षिले जाते. ते स्थळ म्हणजे क्रिओल.

उत्तर प्रदेशातील (अर्थात ऑस्ट्रेलियाच्या) रोपर नदीच्या परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभी गुरांच्या चराऊ जमिनींसाठी मूलनिवासींच्या कत्तली झाल्या. १९०८ मध्ये तेथे मिशन उघडले तेव्हा वाचलेली माणसे आश्रयाला आली. त्यांच्या भाषा वेगवेगळ्या होत्या. न्यू साउथ वेल्सकडून गुराख्यांबरोबर उत्तरेस पोचलेली इंग्रजीमिश्रित कामचलाऊ बोली प्रौढांना थोडीफार अवगत होती. वसतिगृहात एकत्र वाढणाऱ्या मुलांनी तीच उचलली आणि तिची मातृभाषा केली. शब्द बहुतांशी इंग्रजीचे, पण त्यांमागची व्यवस्था इंग्रजीची नव्हे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच सर्वनाम आहे. क्रिओलमध्ये ‘युन्मी’ म्हणजे तू आणि मी, तर ‘मिंदुबाला’ म्हणजे तुला वगळून आम्ही दोघे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद जन्मतः जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. (मराठीतील हा भेददेखील द्राविडी संपर्काचे फळ मानला जातो, ही गोष्ट शुद्धतेच्या अभिमान्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.) त्यात द्विवचनाची भर. एवढी काटेकोर सर्वनामव्यवस्था असलेल्या भाषेला ‘मोडकी इंग्रजी’ ठरविण्यात कानांपेक्षा पूर्वग्रहाचाच वाटा मोठा आहे.

मग क्रिओल मूळ की आगत? शब्दसंग्रह पाहिला तर ती बाहेरून आलेली. बोलणारे पाहिले तर त्या भूमीशी त्यांच्याहून जुने नाते कोणाचेच नाही. जनगणनेने तिला मूलनिवासी भाषांत गणले आहे, आणि तेथे ती सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी एक आहे. समग्र बायबलचे भाषांतर झालेली पहिली मूलनिवासी भाषाही हीच. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही जुन्या भाषांचे अस्सलपण जपू पाहणाऱ्यांना ती घुसखोर वाटते आणि इंग्रजीच्या कैवाऱ्यांना बिघाड. मराठीच्या अभ्यासकांना हे चित्र अपरिचित नसावे. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाने हळबीला मराठीच्या खंडात बसविले. ओडिया आणि छत्तीसगढी यांच्याशी तिचे असलेले नाते पाहता तो खंड तिला अपुराच पडतो. मिश्र भाषेला स्वतःचे घर देण्याऐवजी तिला कोणाची तरी बिघडलेली लेक मानण्याची सवय दोन्हीकडे सारखीच.

प्रश्न वर्गीकरणापुरता असता तर वाद पंडितांवर सोपविता आला असता. पण त्याची किंमत शाळेत मोजली जाते. नॉर्दर्न टेरिटरीत १९७०च्या दशकात द्विभाषिक शिक्षण सुरू झाले तेव्हा बारुंगा येथे क्रिओलमधून शिकविण्यास स्थान मिळाले. २००८ मध्ये मात्र शाळेच्या दिवसाचे पहिले चार तास इंग्रजीतूनच शिकवावे असे सरकारने ठरविले. त्या निर्णयाचा कटाक्ष साऱ्याच मूलनिवासी भाषांवर होता. परंतु वार्लपिरी बोलणारे मूल इंग्रजी जाणत नाही हे शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळते. क्रिओल बोलणाऱ्या मुलाचे शब्द ओळखीचे वाटत असल्याने त्याचे न समजणे हे मंदबुद्धीचे लक्षण ठरण्याचा धोका अधिक. भाषा म्हणून मान्यता नसणे याचा अर्थ त्या मुलाच्या बाबतीत इतका प्रत्यक्ष आहे.

क्रिओलमुळे जुन्या भाषा मागे पडल्या, हा आक्षेप उरतो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. मात्र त्या भाषा प्रथम बंदुकीने आणि नंतर वसतिगृहाने विस्कटल्या. क्रिओल ही त्या विध्वंसानंतर मुलांनी उभारलेली निवाऱ्याची जागा होती. रोपरकाठच्या त्याच वस्तीत, आजच्या न्गुकुरमध्ये, भाषाकेंद्रामार्फत मारा, न्गांडी यांसारख्या भाषा नव्या पिढीला शिकविण्याचे काम चालते. शिकणाऱ्या त्या मुलांची घरची भाषा क्रिओल आहे.