दार वाजवून या

स्टाफरूममध्ये सरकारी पाळतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: “मॅडम, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?” बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण वाक्य वाईट आहे. कारण द्यायचं असतं सरकारने. हे वाक्य ते नागरिकाकडे मागतं.

इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्यातसुद्धा संदेश अडवायला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची अट होती. त्याच अटीवर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणातले फोन टॅपिंगचे तीन हुकूम रद्द केले. आपल्याच संसदेने २००८ साली सुधारलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये मात्र ती अट नाही. तिथे कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढं कारण पुरतं. कुलूपबंद माहिती उघडून द्यायला मदत केली नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने दहा यंत्रणांना हे अधिकार दिले.

हुकूम काढणार गृहसचिव, तो तपासणार सचिवांचीच समिती. न्यायाधीश कुठेच नाही. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला कधी कळवतही नाहीत, मग त्याने दाद मागायची कशी? ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार हुकूम असतात, असं न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवलं आहे. हो, मुंबई दंगलीचा अहवाल लिहिणारे तेच श्रीकृष्ण. मी वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासते आहे. एका बैठकीत पंधरा हजार पेपर तपासले असं मी सांगितलं, तर कोणता पालक विश्वास ठेवील?

मग दहशतवाद्यांना मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. संशय असेल तर न्यायाधीशापुढे कारण मांडा, मुदत ठरवून घ्या, आणि काम संपल्यावर त्या माणसाला कळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्काला राखणदार नसेल तर तो कागदावरच राहतो.

सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टेहळणी करायला साफ मनाई आहे. हजरत उमर यांची एक गोष्ट आपल्याकडे सांगतात. रात्री गस्त घालताना ते एका घराची भिंत चढून आत उतरले आणि आतल्या माणसाला गुन्हा करताना पकडलं. तो म्हणाला, माझी चूक एक, तुमच्या तीन: टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, परवानगी मागितली नाहीत. खलिफांनी ते मान्य केलं आणि निघून गेले.

त्या माणसाकडे लपवण्यासारखं होतं. तरीही प्रश्न विचारायचा हक्क त्याने सोडला नाही. आपल्याकडे तर लपवण्यासारखं काही नाही, मग आपण का गप्प बसायचं?