मोडणारं पातं

मुलगा अमेरिकेत मिनेसोटातल्या तळ्यांवर हौसेने मोटरबोट चालवतो. यंदा त्याने पिच बदलता येणारा कॉम्पोझिट पंखा लावून पाहिला. पंखा एका फेऱ्यात हिशेबाने जितके इंच पुढे सरकायला हवा, ते त्याचं पिच. ते एक इंच कमी केलं की इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० वाढतात. म्हणून माणसं जास्त असली की पिच कमी करायचं. मात्र पूर्ण वेगात फेरे इंजिनाला ठरवून दिलेल्या मर्यादेतच हवेत.

मंडळी, खडकावर आपटलं तर हे पातं मोडतं, म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला तोच त्याचा गुण वाटतो. पातं एकटं बदलता येतं; धक्का आत गिअरपर्यंत गेला, तर खिसा रिकामा होतो. आधी काय मोडावं हे ठरवून ठेवणं, यालाच मी शहाणपण म्हणतो.