लिलावाने जबाबदारी संपत नाही

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कॉलेज कोणते, फी किती, होस्टेल मिळेल का, मुलीच्या येण्याजाण्याची सोय कशी. आम्हा शिक्षकांकडेही पालक हेच प्रश्न घेऊन येतात. इतक्या वर्षांत एकाही पालकाने असे विचारले नाही, की त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला बाहेर पडायची दारे किती आहेत, किंवा तिथल्या जुन्या बाटल्या आणि यंत्रे शेवटी जातात कुठे. विद्यापीठ म्हणजे इल्मचे घर, तिथे धोका कसला, अशी आपली समजूत असते. या महिन्यात त्या समजुतीबद्दलच थोडे बोलावे असे वाटते.

गोष्ट दिल्लीची आहे, २०१० सालची. पश्चिम दिल्लीत मायापुरी नावाचा भंगाराचा मोठा बाजार आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात तिथल्या दुकानांतली माणसे एकापाठोपाठ आजारी पडू लागली. उलट्या, अशक्तपणा, कातडी काळी पडणे, केस गळणे. घरच्यांनी जवळपासचे डॉक्टर केले, औषधे बदलली, पण उतार पडेना. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना शंका आली, की हा भाजण्याचाच प्रकार आहे, पण आगीने भाजण्याचा नव्हे, किरणोत्सर्गाने भाजण्याचा. अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवण्यात आले. अधिकारी मोजयंत्रे घेऊन बाजारात उतरले, तेव्हा भंगाराच्या ढिगांतून कोबाल्ट-६० या धातूचे तुकडे सापडले. एका माणसाने तर त्यातला एक तुकडा पाकिटात ठेवला होता आणि ते पाकीट खिशात घेऊन तो हिंडत होता. एकूण आठ जणांना बाधा झाली. त्यांतल्या एका कामगाराचा त्याच महिन्याच्या अखेरीस मृत्यू झाला.

हे तुकडे आले कुठून? आधी सगळ्यांना वाटले, परदेशातून आलेल्या भंगारात आले असतील. तपास झाला तेव्हा पत्ता निघाला दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचा. चार दशकांपूर्वी या विभागाने संशोधनासाठी कॅनडाहून एक यंत्र आणले होते. त्याला गॅमा सेल म्हणतात. शिशाच्या जाड भिंतींच्या आत कोबाल्ट-६०च्या कांड्या ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांचा पदार्थांवर काय परिणाम होतो ते तपासले जाते. यंत्र वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले. १९८५ नंतर यंत्र बंदच होते. पंचवीस वर्षे ते एका खोलीत पडून राहिले. मग फेब्रुवारी २०१० मध्ये विभागाने जुने सामान लिलावात काढले, त्यात हेही गेले. भंगारवाल्याने वजनावर घेतले, मायापुरीत नेले, आणि कामगारांनी ते फोडले. शिशाला चांगला भाव येतो, म्हणून शिसे वेगळे काढले. ज्या शिशाने चाळीस वर्षे माणसांना वाचवले, तेच आधी निघाले.

इथे शिक्षकाची सवय म्हणून थोडे गणित करू या. कोबाल्ट-६०ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. आणखी सव्वापाच वर्षांत निम्म्याची निम्मी, म्हणजे पावपट. असे करत चाळीस वर्षांत ती सुमारे दोनशेवा हिस्सा उरते. वर्गात हे गणित सोडवणारे मूल म्हणेल, मग आता उरले काय? पण मुळात ती ताकद इतकी प्रचंड होती, की उरलेल्या दोनशेव्या हिश्श्याने एका माणसाचा जीव घेतला. आणि हा धातू दिसायला अगदी साधा असतो. वास नाही, धूर नाही, चटका नाही. हातात घेतला तर त्या क्षणी काहीच होत नाही. जे व्हायचे ते काही दिवसांनी होते, आणि तोपर्यंत कशामुळे झाले हेही माणसाला आठवत नाही.

आता हे यंत्र ज्या ज्या हातांतून गेले ते हात मोजून पाहा. प्राध्यापक, मग कुलूपबंद खोली, मग जुने सामान काढणारी समिती, मग लिलाव, मग भंगारवाला, आणि सर्वांत शेवटी हातोडा धरलेला मजूर. वरचे सगळे शिकलेले होते, शेवटचा सर्वांत कमी शिकलेला. कागदावर सामान रीतसर निघाले होते. जीव गेला तो शेवटच्याचा. विद्यापीठाच्या कुलगुरूंनी नंतर नैतिक जबाबदारी स्वीकारली. पण मजुराच्या घरचा कमावता हात त्याने परत येत नाही.

आम्ही शाळेत डेड स्टॉक रजिस्टर भरतो. वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, किंमत, सध्याची अवस्था, असे रकाने असतात. वस्तू निरुपयोगी झाली की निर्लेखनाचा ठराव होतो, सह्या होतात, सामान बाहेर जाते. या वस्तूच्या आत काय आहे आणि ती फोडणाऱ्याला काय होईल, असा रकाना त्या रजिस्टरात नसतो. सरकारी पैशाचा हिशेब नीट राहावा म्हणून ही पद्धत बनली, माणसाच्या जिवाचा हिशेब राहावा म्हणून नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेतही लेबल गळून पडलेल्या बाटल्या असतात, पारा भरलेले जुने थर्मामीटर असतात. काम करणारा शिपाई किंवा मावशी त्या बाटल्या मोरीत ओतते, काच भंगारात देते. कोणी तिला सांगितलेलेच नसते. घेणाऱ्याच्या हाती एखादी वस्तू सोपवताना तिचा ऐब सांगणे, हा व्यवहाराचा साधा नियम आपल्या घरांत लहान मुलालाही माहीत असतो. विद्यापीठाच्या लिलावात तो पाळला गेला नाही.

ही गोष्ट आम्ही दिल्लीची म्हणून सांगत नाही. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत आपल्या वाचकांत भंगाराच्या धंद्यावर चालणारी घरे थोडीथोडकी नाहीत. कोणी गोदाम चालवतो, कोणी हातगाडी, कोणाचा मुलगा गॅस कटर घेऊन तोडकामाला जातो. जगात हे मायापुरीच्या आधीही घडले होते. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या एका दवाखान्यातून भंगार वेचणाऱ्यांनी कॅन्सरच्या उपचाराचे यंत्र उचलून नेले. त्याच्या आत निळसर चमकणारी पूड होती. लोकांनी ती कौतुकाने घरोघरी वाटली. चार माणसे मेली, त्यांत एक लहान मुलगी होती. २००० साली थायलंडमध्ये असेच भंगारात आलेले कोबाल्ट फोडताना तिघांचा जीव गेला.

अशा घटनांतून एक गोष्ट शहाण्यांच्या लक्षात आली. किरणोत्सर्गाचे जे चिन्ह जगभर वापरतात, म्हणजे पिवळ्यावर काळे, मधे एक ठिपका आणि भोवती पंख्याची तीन पाती, ते न शिकलेल्या माणसाला काहीच सांगत नाही. त्याला तो पंखाच वाटतो. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणखी एक चिन्ह काढले. लाल त्रिकोण, त्यात वरून येणाऱ्या किरणांच्या रेघा, एक कवटी आणि पळून जाणारा माणूस. अक्षर न येणाऱ्यालाही कळावे, की हे उघडू नको, लांब जा. ही दोन्ही चिन्हे आपल्या दुकानांत काम करणाऱ्या प्रत्येकाला ओळखता आली पाहिजेत.

चिन्ह पुसलेलेही असू शकते. म्हणून आणखी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. कॉलेज, दवाखाना किंवा कारखान्यातून आलेली वस्तू आकाराने लहान पण वजनाला बेताबाहेर जड असेल, आत शिशाचे जाड कवच असेल, परदेशी कंपनीची धातूची पट्टी ठोकलेली असेल, तर ती फोडू नये. विकणाऱ्याकडून लेखी मागावे, की आत किरणोत्सर्गी किंवा विषारी काही नाही. तो लिहून द्यायला कचरत असेल तर तेच उत्तर समजावे. संशय आला तर वस्तू आहे तिथेच ठेवून सगळ्यांनी लांब व्हावे, मुलांना तिकडे फिरकू देऊ नये आणि ११२ क्रमांकावर कळवावे. तोडकाम केल्यावर दोन-तीन जणांना एकदम उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना कामाची सगळी हकीकत सांगावी. आपण काय काम करतो हे सांगायला मजूर लाजतो किंवा घाबरतो, आणि त्यात उपचाराचे दिवस निघून जातात.

आता आवाराच्या आत काम करणाऱ्या मुलामुलींकडे वळू. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेहरबानो संगजी ही तेवीस वर्षांची मुलगी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पगारी सहायक होती. २९ डिसेंबर २००८ रोजी ती हवा लागताच पेटणारे एक रसायन प्लास्टिकच्या सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर निघाला, रसायन पेटले, आणि अंगातल्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने आग धरली. अंगावर ॲप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. ती नोकरीत होती म्हणून तिथला कामगार सुरक्षेचा कायदा लागू झाला, चौकशी झाली, विद्यापीठाला दंड झाला, प्राध्यापकावर फौजदारी खटला दाखल झाला. २०१४ साली तो तडजोडीने थांबवण्यात आला. ती नुसती विद्यार्थिनी असती तर तो कायदा तिच्यापर्यंत पोहोचलाच नसता. आपल्याकडेही कारखान्यासाठी कायदा आहे, तिथे निरीक्षक जातो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या मुलीची गणती कामगारांत होत नाही, पण ॲसिड तिला ओळखून कमी भाजत नाही.

या घटनेतून आपल्या मुलींसाठी एक अगदी घरगुती धडा आहे. पॉलिस्टर, नायलॉन, जॉर्जेट हे कापड पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापड पेटते, पण वितळून चिकटत नाही. मुलगी ओढणी घेत असेल, स्कार्फ बांधत असेल, तर प्रॅक्टिकलच्या दिवशी तो सुती असावा आणि त्याची टोके ॲप्रनच्या आत खोचलेली असावीत. बाह्या सैल नकोत. पाय झाकणारे बूट हवेत, सँडल नको. ॲप्रनही सुतीच घ्यावा. बाजारात स्वस्त मिळतो तो पुष्कळदा मिश्र धाग्याचा असतो. यात परदा आणि सुरक्षा यांचे भांडण कुठेच नाही, फक्त कापड निवडण्याचा प्रश्न आहे. आणि मुलीला सांगावे, कपड्याने पेट घेतला तर पळू नकोस, जमिनीवर लोळ, नाहीतर जवळच्या शॉवरखाली उभी राहा.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा पाच मिनिटे जास्त काढा आणि प्रयोगशाळा दाखवा म्हणा. दुसरे दार आहे का, आणि ते उघडते का, की त्याला कपाट लावले आहे? आग विझवण्याच्या सिलिंडरवरची तारीख कोणती आहे? डोळे धुण्याच्या नळाला पाणी येते का? होस्टेलच्या जिन्यात गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत का? एकट्या विद्यार्थ्याला रात्री प्रयोगशाळेत थांबू देतात का? हे विचारल्याने कोणी प्रवेश नाकारत नाही. उलट चार पालकांनी विचारले, की पाचव्या वर्षी ते कपाट दारापुढून हलते, हे आम्ही पाहिले आहे.

आणि जे वाचक स्वतः शाळा-कॉलेजांत आहेत, मग ते शिक्षक असोत, क्लार्क असोत की लॅब असिस्टंट, त्यांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी यादी घेऊन त्या खोलीत जा. प्रत्येक वस्तूपुढे तिच्या आत काय आहे ते लिहा. जिथे माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असे लिहा आणि ती वस्तू लिलावातून वगळा. मायापुरीच्या त्या मजुराला वाचवायला एवढे पुरले असते.