परसांतले राघू

वाचकांस स्मरत असेल कीं, मागें एकदां याच पानांवरून आम्हीं आमच्या परसांतील पेरूच्या झाडाचें वर्णन केलें होतें, व त्याचीं फळें घरांतील माणसांच्या वांट्यास फारशीं येत नाहींत अशी तक्रारही केली होती. तीं फळें ज्यांच्या वांट्यास जातात त्यांच्याविषयीं आज लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या नातवास मुंजीच्या वेळीं त्याच्या मामानें एक कॅमेरा आहेर केला. मुलानें महिनाभर हौस केली आणि मग तो पुन्हां मोबाइलकडे वळला. कॅमेरा आमच्या आरामखुर्चीजवळच्या कोनाड्यांत येऊन पडला. सेवानिवृत्त मनुष्याच्या हातीं रिकामा वेळ आणि दुसऱ्याची वस्तु एकाच वेळीं आली म्हणजे काय होतें, हें सांगावयास नकोच.

पहिल्या दिवशीं आम्हीं साठ चित्रें घेतलीं. त्यांपैकीं चाळिसांत नुसती फांदी होती, अठरांत शेपटीचें टोंक होतें, व उरलेल्या दोहोंत आमचेंच बोट आलें होतें. पोपट हिरवा आणि पानही हिरवें. डोळ्यांस जो भेद सहज कळतो तो यंत्रास कळेना. पुढें थोडें वाचन केलें तेव्हां समजलें कीं, पोपटाच्या पिसांत हिरवें असें रंगद्रव्य मुळीं नसतेंच. द्रव्य असतें तें पिवळें. पिसाच्या अतिसूक्ष्म घडणीवर प्रकाश विखुरला म्हणजे निळी छटा उत्पन्न होते, आणि या दोहोंच्या संयोगानें आपणांस हिरवा राघू दिसतो. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व पुढें संस्कृताचें. तथापि एवढें पदार्थविज्ञान पचलें. सकाळच्या तिरप्या उन्हांत तोच पक्षी जो उजळून निघतो, तो दुपारच्या डोक्यावरील उन्हांत कां मळकट दिसतो, याचा थोडासा उलगडा आम्हांस तेव्हां झाला.

तेव्हांपासून वेळ ठरविली ती सकाळीं आठ ते नऊ. माजघराच्या खिडकीस जुनें धोतर टांगलें, त्यास भिंगापुरतें भोंक पाडलें, व आंत स्टुलावर आम्ही. पक्षी बसलेला असेल तर सेकंदाचा १/२५० भाग पुरतो. उडतांना धरावयाचा तर १/१००० भागाहूनही कमी वेळांत काम उरकावें लागतें. डोळा स्पष्ट आला पाहिजे, बाकी कांहीं पुसट झालें तरी चालतें, हें आम्ही स्वतःच्या चुकांवरून शिकलों.

चित्रें नीट येऊं लागल्यावर जें साठ वर्षें नुसतें पाहिलें होतें तें प्रथमच दिसलें. ज्याच्या गळ्यांत काळा व गुलाबी कंठ तो नर. मादीस तो नसतो, आणि नरासही साधारणतः तीन वर्षांचा होईतों येत नाहीं. पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें, म्हणून एका पायावर उभें राहून दुसऱ्यानें फळ हातांत धरल्यासारखें धरतां येतें. कधींमधीं तोईपोपटही येतात. त्यांतील नराचें मस्तक पिकल्या आलुबुखाराच्या रंगाचें, चोंच पिवळसर, आणि बोली अधिक गोड. मात्र खाण्याची रीत सर्वांची सारखीच उधळी. चार घांस घेऊन फळ टाकून द्यावें व दुसऱ्यास तोंड लावावें! खालीं खारींची चैन होते. चौतीस वर्षें आम्ही वर्गांत पोरांवर ‘पोपटपंची’ म्हणून ओरडलों. पण परसांत येणारा एकही राघू दुसऱ्याचे शब्द बोलत नाहीं. तो दोष पिंजऱ्याचा.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. पण मनुष्याचा लोभ खिडकीवर थांबत नाहीं.

विहिरीजवळच्या जुन्या आंब्याची एक फांदी वठली आहे. तींत तांबटानें कधींकाळीं कोरलेली ढोली होती, ती माघांत एका जोडप्यानें बळकावली. हे पक्षी घरटें विणीत नाहींत. ढोलींतच बहुधा चार पांढरीं अंडीं घालतात. मादी सुमारें तीन आठवडे अंडीं उबविते, नर तिला भरवितो, आणि पिलें उडावयास आणखी सहासात आठवडे जातात. फाल्गुनाच्या अखेरीस आंतून पिलांचा कलकलाट ऐकूं येऊं लागला, आणि आम्हांस ढोलीच्या तोंडाशीं भरविण्याचें चित्र हवेंसें झालें. शेजारीं रंगकाम चाललें होतें. रंगाऱ्याची शिडी मागून आणली, ढोलीसमोरच्या भिंतीस लावली, आणि सकाळीं सातला वर जाऊन बसलों. ढोली दहा हातांवर. येथें धोतराचा पडदा नव्हता.

आठ वाजले, नऊ वाजले. पिलें ओरडून ओरडून थकलीं व गप्प झालीं. एक पिलूं मात्र ढोलीच्या काठाशीं सरकलें. त्याची गुलाबी चोंच आणि एक काळा डोळा दिसूं लागला. आम्हीं चित्रें घेतलीं. खरें सांगावयाचें तर आम्ही मोठे खुशींत होतों. इतक्यांत वहिनी तुळशीस पाणी घालून आल्या व शिडीखालीं उभ्या राहिल्या.

“भाऊजी, ती बाई सकाळपासून तारेवर बसून आहे. लेंकरांच्या तोंडचा घांस अडवून फोटो कसला काढतां?”

आम्हीं वळून पाहिलें. विजेच्या तारेवर मादी बसली होती. आम्ही इतका वेळ ढोलीकडे पाहात होतों, तिच्याकडे नव्हे.

आम्ही निमूटपणें उतरलों. शिडी काढल्यावरही ती लागलीच आली नाहीं. सव्वादहास ती आंत शिरली. म्हणजे सव्वातीन तास.

चैत्रांत त्या ढोलींतून दोन पिलें उडालीं. वहिनी म्हणतात कीं आवाज तिघांचे होते. रानांत कित्येक पिलें अशींतशींच जातात, हेंही खरें. तिसरें असल्यास त्याचें मरण आमच्या शिडीच्या माथीं मारण्यास पुरावा नाहीं. तिला निर्दोष ठरविण्यासही नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं बाणभट्टाची कादंबरी काढली. कथा सांगणारा शुक पंपासरोवराजवळच्या शाल्मलीच्या ढोलींत वाढलेला. म्हातारा शबर त्या वृक्षावर जणूं पायऱ्या असाव्यात तसा चढतो, पिलें काढून त्यांच्या माना मुरगाळून खालीं टाकतो, आणि पिलास पंखाखालीं झांकणारा वृद्ध पिताही मारला जातो. हा भाग आम्हीं विद्यार्थ्यांस किती वेळां शिकविला असेल! दर वेळीं आम्ही शुकाच्या बाजूनें बोललों. शिडीची गोष्ट तेव्हां कधीं मनांत आली नव्हती.

आमच्या आजीचा राघूही असाच कोणीतरी ढोलींतून काढून आणलेला होता. ओटीवर पिंजरा असे, आणि ‘विठू विठू’ ऐकून आलागेला कौतुक करी. आज तसें करतां येत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं आपल्याकडील रानपोपट पकडणें, विकणें व पाळणें हा गुन्हा आहे. आमचीं चित्रें पाहून एका पाहुण्यांनीं “एखादें पिलूं मिळेल का?” असें विचारलें, तेव्हां हें त्यांस जरा तिखटपणेंच सांगितलें. जाणते छायाचित्रकार घरट्यांचीं चित्रें घेत नाहींत व अनेक स्पर्धांत तीं स्वीकारीतही नाहींत, हेंही आम्हांस नंतर समजलें. आधीं समजावयास हरकत नव्हती.

त्या सकाळचें एक चित्र मात्र अप्रतिम आलें आहे. चोंच, डोळा, सालीचा पोत, सारें स्वच्छ. नातवास तें शाळेच्या प्रदर्शनांत द्यावयाचें होतें. आम्हीं नाहीं म्हटलें. तो म्हणाला, “पण आजोबा, फोटो तर काढून झाला ना? आतां नाहीं दिला तर पिलांना काय मिळणार?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच्या वडिलांनीं त्याचीच बाजू घेतली, आणि जेवणें आटोपेपर्यंत घरांत दोन तट पडले होते. वहिनी वाढीत होत्या. त्या कोणाच्याच बाजूनें बोलल्या नाहींत.

चित्र अद्याप कॅमेऱ्यांतच आहे. पेरूस पुन्हां फळ धरलें आहे, खिडकीस धोतरही टांगलें आहे, आणि काल सकाळीं कंठ न फुटलेले दोन राघू येऊन गेले.