विश्लेषण : टॅबचा टच बिघडला की चार्जर? ‘डिस्प्ले बदला’ हे ऐकण्याआधी काय तपासावे?

टॅब चार्जिंगला लावलेला आहे, मुलगी त्यावर गणिताचा तास पाहते आहे आणि अचानक पडदा स्वतःच्या मनाने चालू लागतो. ॲप आपोआप उघडतात, बंद होतात, कोणी टाइप न करता अक्षरे उमटतात. दुसऱ्या दिवशी टॅब दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि अर्ध्या मिनिटात निदान होते : डिस्प्ले गेला. अनेक टॅबमध्ये वरची काच, टचचा थर आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. एक बदलायचे तर सगळेच बदलावे लागते आणि स्वस्त टॅबच्या बाबतीत हा खर्च नव्याच्या किमतीकडे झुकतो. मग जुना टॅब कपाटात आणि नवा हप्त्यावर. या सगळ्यात एक साधा प्रश्न ना दुकानदार विचारत, ना गिऱ्हाईक : चार्जर काढल्यावर टच नीट चालत होता का?

चार्जरचा टचशी काय संबंध?

टॅबचा पडदा बोटाचा दाब मोजत नाही, विद्युतभारातला बदल मोजतो. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतधारिता किंचित बदलते. हा बदल इतका सूक्ष्म असतो की आसपासचा विद्युत गोंगाट त्याला सहज झाकून टाकतो. चार्जर २३० व्होल्टची वीज वेगाने चालू-बंद करून ती ५ किंवा ९ व्होल्टवर आणतो. त्यातून निर्माण होणारा गोंगाट अडवणारे भाग चांगल्या चार्जरमध्ये असतात. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये काटकसर नेमकी तिथेच केलेली असते. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगही नसते. बोट काचेला लागले की गोंगाटाला माणसाच्या शरीरातून वाट मिळते आणि टॅबला नसलेली बोटे ‘दिसू’ लागतात. यालाच दुकानात घोस्ट टच म्हणतात.

तपासणी फुकट आहे. चार्जर काढून टॅब दहा मिनिटे वापरावा. मग तो पॉवर बँकेवर लावून पाहावा, कारण तिचा घरातल्या विजेशी संबंधच नसतो. दोन्ही वेळा टच शहाण्यासारखा वागला, तर आधी चार्जर बदलावा. पावसाळ्यातला ओलावा, घामट बोटे, जाड किंवा कडेने सुटलेले स्क्रीनगार्ड यांनीही टच अडखळतो. गार्ड काढून, टॅब बंद करून, मऊ कोरड्या कापडाने काच पुसणे हे पहिले काम. काही टॅबमध्ये गार्डसाठी टचची संवेदनशीलता वाढवण्याची सोय सेटिंग्जमध्येच असते.

तरीही शंका राहिली तर अँड्रॉइडमध्ये पुरावाच मिळतो. ‘अबाउट टॅबलेट’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात. त्यातले ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू करून बोटाने पडदाभर रेघा माराव्यात. रेघ दर वेळी एकाच पट्ट्यात तुटत असेल तर बिघाड खरोखर पॅनलचा किंवा त्याच्या जोडणीचा असण्याची शक्यता मोठी. दुरुस्तीचा अंदाज सांगण्याआधी ही चाचणी गिऱ्हाइकासमोर करून दाखवायला दुकानदाराला एक मिनिट लागते. ती न करता हजारोंचा आकडा सांगणे हे निदान नव्हे, अंदाजपंचे आहे.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. पडदा कडेने उचलला गेला असेल किंवा टॅबची पाठ फुगली असेल, तर आतली बॅटरी फुगून पॅनलला ढकलत असू शकते. असा टॅब दाबून बसवू नये आणि चार्जही करू नये. तो थेट दुरुस्तीला द्यावा.

पेन उमटत नाही, कारण...

बहुतेकदा ते त्या टॅबचे पेनच नसते. बाजारात ‘स्टायलस’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या जाती विकल्या जातात. रबरी टोकाचे स्वस्त पेन म्हणजे निव्वळ खोटे बोट. ते जवळपास सर्व टॅबवर चालते, पण त्याला दाबानुसार जाडबारीक रेघ येत नाही. सॅमसंगच्या एस पेनमागे वॅकॉमचे तंत्र आहे. पडद्यामागचा स्वतंत्र थर पेनला ऊर्जा देतो, म्हणून लिहिण्यासाठी त्या पेनला बॅटरी लागत नाही. टॅबमध्ये तो थर नसेल तर असे पेन त्यावर कधीच चालणार नाही. ॲपल पेन्सिल बॅटरीवर चालते आणि तिचाही घोळ कमी नाही : २०१५, २०१८, २०२३ आणि २०२४ साली आलेल्या चार पेन्सिली, आणि प्रत्येक आयपॅडवर प्रत्येक चालत नाही. खोक्यावर हे ठळक छापायला काय हरकत आहे?

पेन योग्य असूनही रेघ एका ठिकाणी सरकत असेल तर कव्हर काढून पाहावे. कव्हरमधले चुंबक एस पेनसारख्या पेनाची दिशाभूल करते. झिजलेली निब बदलता येते. पेन चालते पण बोटाने चित्र निघत नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा ॲपमधल्या ‘फक्त पेन’ या पर्यायात निघते.

केबल : दिसायला सारखी, आतून वेगळी

टाइप-सी जोडणीत २४ संपर्क असतात, पण केबलमध्ये तेवढ्या तारा असतीलच असे नाही. काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. टॅब चार्ज होतो, संगणकाला मात्र दिसत नाही आणि दोष पोर्टवर येतो. अँड्रॉइड टॅब जोडल्यावर सहसा ‘फक्त चार्जिंग’वरच राहतो. नोटिफिकेशनमध्ये जाऊन ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. आयपॅडवर विश्वास ठेवण्याची परवानगी द्यावी लागते. २०१६ मध्ये गुगलचे अभियंता बेन्सन लेउंग केबल तपासत असताना चुकीच्या जोडणीच्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला होता. तज्ज्ञाची ही गत, तर सामान्य ग्राहकाने केबल नुसती पाहून काय ओळखावे?

युरोपीय महासंघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन आणि टॅबसाठी टाइप-सी सक्तीचे केले. भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक स्वीकारले आहे. तोंड एकसारखे झाले, चांगलेच झाले. पण केबल डेटा नेते की नाही आणि किती वॅट पेलते, हे तिच्यावरच छापण्याची सक्ती झाली तर ग्राहकाचे खरे काम होईल.

पोर्ट सैल वाटत असेल तर आत धुळीचा बोळा दाबून बसलेला असू शकतो. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढावा. सुई वापरू नये.

दुकानात देण्याआधी...

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात मोबाइल आणि टॅब यांचा समावेश आहे. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दुरुस्तीची पावती आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

आणि टच पूर्ण मेला असला, तरी आतले फोटो आणि नोट्स गेल्या असे समजू नये. बहुतेक अँड्रॉइड टॅबला ओटीजी अडॅप्टर लावून संगणकाचा साधा माउस जोडता येतो. पडद्यावर बाण उमटला की कुलूप उघडून सगळे ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर चढवावे आणि मगच टॅब दुकानदाराच्या हाती द्यावा.