हौसेचा ताळेबंद

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हटले जाते. व्यवहारात मात्र हौसेलाही मोल असतेच. फक्त ते एकरकमी द्यावे लागत नाही, म्हणून चटकन ध्यानात येत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारची हौस हे याचे बोलके उदाहरण होय.

विदेशी क्लासिक गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच्या. तथापि भारतातही या हौसेला जवळचे पर्याय निर्माण झाले. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेरल्ड बनविली; ब्रिटनची ट्रायम्फ स्पिटफायर ही नामांकित स्पोर्ट्स कार याच हेरल्डच्या सांगाड्यावरून बेतलेली. पुढे गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी आणली. फायबरग्लासची काया, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन आणि सुमारे ६० अश्वशक्ती. वेगापेक्षा रूपाचेच आकर्षण अधिक! तिचे उत्पादन थांबून आता बरीच वर्षे लोटली आहेत.

रायपूरसारख्या शहरात अशी गाडी घेणाऱ्याने इंजिनाआधी कागदपत्रे तपासावीत. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यामुळे त्यापूर्वीच्या गाडीची मूळ नोंदणी मध्य प्रदेशातील वा अन्य राज्यातील असणार. परराज्यातून गाडी आणताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कर यांचा हिशेब आधीच मांडावा. नोंदणीपुस्तकात जुन्या कर्जाचा तारण-बोजा तसाच राहिलेला असणे हेही विरळा नव्हे. कर्ज फिटले तरी नमुना ३५ सादर होऊन बोजा उतरल्याखेरीज मालकी निर्वेध होत नाही. विक्रेत्याचा शब्द कितीही गोड असो, त्याची जागा या एका कागदाला घेता येते. कागदाची जागा शब्दाला घेता येत नाही.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर तपासणी होऊन दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी जुलै २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ ही स्वतंत्र मालिका दिली. तिचे नवे नोंदणीशुल्क २० हजार रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आदी कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कार्यालयात नेता येत नाही. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या हेरल्डला हा मार्ग खुला आहे, स्टॉर्मला अद्याप नाही.

यानंतर येतो निसर्गाचा कर. रायपूरचा मे महिना रबरी नळ्या, सील आणि रंग यांची परीक्षा पाहतो. फायबरग्लासला गंज चढत नाही, परंतु त्याखालील लोखंडी भाग पावसाळा विसरत नाहीत. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल तर जुन्या गाड्यांच्या रचनेत गृहीतच धरलेले नव्हते. नळ्या व गॅस्केट वेळीच बदलणे श्रेयस्कर. सुटे भाग दुकानात सहजी मिळत नाहीत. ते शोधण्यात पैशाइतकाच वेळही जातो.

लेखाशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर खरेदीची किंमत हा भांडवली खर्च. परंतु हौसेची खरी कसोटी महसुली खर्चात लागते. म्हणूनच अशा खरेदीला ‘गुंतवणूक’ म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक होय. भाव वाढेलच याची हमी नाही आणि गरजेच्या वेळी ग्राहक मिळेलच असेही नाही. घरकर्जाचा हप्ता चालू असताना, मुलांच्या शिक्षणाची तरतूद अपुरी असताना वैयक्तिक कर्ज काढून अशी गाडी दारात आणणे म्हणजे कुटुंबाच्या शांततेवर व्याज भरणे.

याचा अर्थ हौस मारावी असा नव्हे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, विमा चालू असावा, गाडीची किंमत बचतीतूनच द्यावी आणि तिच्या निम्म्याइतकी रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवावी. एवढे जमत असेल तर रविवारच्या पहाटे नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर ती गाडी बाहेर काढणाऱ्याचा आनंद कोणत्याही ताळेबंदात न मावणारा, तरीही पूर्णपणे परवडणारा ठरेल. आणि जमत नसेल, तर दरमहा एक आवर्ती ठेव सुरू करावी. जी गाडी इतकी वर्षे टिकली, ती आणखी तीन वर्षे वाट पाहील.