सही खरी, म्हणून फाइल खरी?

कुडनकुलमचा विषय चेन्नईत निघाला की अजूनही आवाज खाली येतो. त्या अणुवीज प्रकल्पाने २९ ऑक्टोबर २०१९ रोजी सायबर हल्ल्याचे वृत्त निराधार ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने घातक प्रणाली सापडल्याचे मान्य केले. सर्ट-इनने ती ४ सप्टेंबरलाच हेरली होती. बाधित संगणक प्रशासकीय जाळ्यातला होता, अणुभट्टीचे जाळे त्यापासून अलग होते, असे महामंडळाने सांगितले. तरीही मधले आठ आठवडे मौन कशासाठी, हा प्रश्न मला सुटलेला नाही. डॉ. अनिल काकोडकरांसारख्या ज्येष्ठांनाही सापळ्याच्या ईमेल धाडल्या गेल्या, असा दावा इश्यूमेकर्स लॅब या दक्षिण कोरियाई गटाने तेव्हा केला होता. असे सापळे आपल्याच विषयाचे, परिचित नावाचे रूप घेऊन येतात. म्हणून ‘अनोळखी जोडपत्र उघडू नका’ हा उपदेश अपुरा आहे. संशय आला तर पाठवणाऱ्याला आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर विचारावे, पत्रातल्या क्रमांकावर नव्हे.

डिजिटल सहीला तर आपण ताईतच मानतो. ही सही दोनच गोष्टी सांगते: मजकूर अमुक खासगी किल्लीने मुद्रित झाला आणि नंतर बदलला नाही. तो निरुपद्रवी आहे, असे ती सांगत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटचे घटक रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सही केलेले होते. सही अस्सल, हेतू विध्वंसाचा.

आणि आपली सवय कशी? ई-आधारच्या पीडीएफवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. प्रमाणपत्र कोणी दिले ते तपासून मगच विश्वास नोंदवायचा असतो. आपण मात्र प्रश्नचिन्ह घालवण्यापुरते कळ दाबून मोकळे होतो.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला हस्ताक्षराची प्रतिष्ठा दिली. येथल्याच एका लेखापालांच्या कार्यालयात मी पाहिले ते असे: खणात अशिलांची वीसेक यूएसबी टोकन, प्रत्येकावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर सुवाच्य अक्षरांत पासवर्ड. कोरा धनादेश सही करून असा कोणी ठेवून जाईल का, असे मी विचारले. ते हसले आणि त्यांनी माझेही टोकन मागितले.